एक वीत, दीड बोट

विद्यापीठाचा फॉर्म आलाय, चार पानी.
प्राचार्य म्हणाले, तू भर, तू खेळलेला आहेस.
खेळलेलो आहे. आता आस्थापना विभागात
सेवापुस्तकं शिवतो, आणि खिडकीतून
थर्ड बेसचा कोपरा तेवढा दिसतो.

स्टेडियमचे नाव.
बोअरिंगच्या पलीकडं जे आहे
त्याला पोरं 'खालचं' म्हणतात:
वर क्रिकेट, खाली आम्ही.
रकान्यात 'खालचं' लिहिता येत नाही.

आसनक्षमता.
भिंतीवर साठ, निंबावर सात,
आणि सावदा स्टेशनकडं निघालेला केळीचा ट्रक थांबलाच
तर टपावर आणखी चार,
बॉल कुठंही गेला तरी 'चौका!' म्हणून ओरडणारे.

होम प्लेट आहे का? आहे.
दीपनगरला कोळसा वाहून थकलेल्या पट्ट्यातून कापलेली,
पाचातला एक कोन वाकडा.
घसरत आलं की पँटीला काळं लागतं, ते निघत नाही.
लग्नानंतर बायकोनं विचारलं होतं, हे काय, डांबर?

बॅटिंग केजची जाळी हतनूरच्या भोयांची.
शिवायला सुकदेव भोई स्वतः आला, दातात सुई धरून.
भोकं बघून म्हणाला, तुमचा मासा याच्यातून सुटत नाही ना,
मग झालं भो.
दमट दिवशी अजून वास येतो तिला.

राइट फील्ड संपतं तिथं भिरूडांची केळी.
होमरन म्हणजे त्यांच्या बागेत.
कापणीला मजूर बादली भरून बॉल आणून देतात,
ठिबकच्या पाण्यानं सुजलेले, टाके उसवलेले,
एखादा पानांच्या बेचक्यात बसून राहिलेला, हिरवा.
एका वर्षी सतरा निघाले. त्यातला एक माझ्या बॉलिंगवरचा.
(पिचिंग म्हणायचं, सर ओरडायचे.)

माउंडची उंची, इंचांत.

माउंड रुबाब तडवीनं केला. पालकडचा, रोजंदारीवर शिपाई.
सर म्हणाले दहा इंच. रुबाबनं विचारलं, हातानं किती?
सरांनी आपला पंजा पसरला: एक वीत, दीड बोट.
काळी माती उन्हाळ्यात भेगाळते,
म्हणून पिवळी आणली, वीटभट्टीचा चुरा मिसळला,
पहाटे चारला पाणी मारायचा, वर ओलं गोणपाट,
आजारी माणसाला झाकावं तसं.
चार वर्षं मी तिथून फेकलं.
सांगलीला गेलो तेव्हा पहिले अकरा बॉल
कॅचरच्या डोक्यावरून गेले.
पाय टेकायलाच उशीर, जमीन जरा खालीच.
सर म्हणाले, घाबरला पोरगा.
मीही तेच म्हणालो.

परत आलो त्या सकाळी टेप लावली.
साडेआठ.
सरांचा पंजा रुबाबपेक्षा मोठा होता, एवढंच.
रुबाब पाइप धरून उभा. बराबर आहे ना भाऊ?
बराबर, म्हणालो.

त्यानंतर इथून सहा पिचर बाहेर खेळायला गेले.
सहाही 'घाबरले'.

रुबाब दिवाळीला घरी बसला, पालला.
आज खिडकीच्या कोपऱ्यात रोशनी पावरा दिसते,
मग दिसत नाही, मग फक्त बॉल जाताना दिसतो.
पुढच्या महिन्यात तिला बाहेर जायचंय.

लिहिलं: दहा.
शिक्का मारला. आणि मधल्या सुट्टीत
माळ्याचं घमेलं घेऊन खाली गेलो, ऑफिसच्या चपलांत.
दीड इंचाला किती घमेली लागतात
हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. एकोणीस लागली,
आणि तुडवून तुडवून पुन्हा तीन.

रोशनी कमरेवर हात ठेवून बघत होती.
म्हणाली, सर, आता बॉल वर जाईल ना.
म्हटलं, जाईल.
इथं जाऊ दे.